व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा लावूनही वाफेच्या इंजिनाचे ठोके का बिघडतात?

रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची निगा राखणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. वापरलेली वाफ बाहेर पडताना धुराड्यातून येणारे ठोके असमान झाले म्हणून व्हॉल्व्ह नव्याने लावले, इंजिन काही काळ एकसारखे चालले, आणि मग तोच लंगडा ठोका परत आला. पुन्हा व्हॉल्व्ह लावले, पुन्हा थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा समज असा होतो की मागच्या खेपेस मापे नीट घेतली गेली नसावीत. म्हणून पुढच्या खेपेस तेच काम अधिक काटेकोरपणे केले जाते. माझे मत याच्या उलट आहे. एकदा नीट लावलेला व्हॉल्व्ह आपण होऊन बिघडत नाही. त्याला चालवणाऱ्या साखळीतला कोणता तरी भाग आपली जागा सोडत असतो आणि दुरुस्ती करणारा त्या भागाची चूक दर वेळी दुसऱ्याच भागावर भरून काढत असतो. जागा सोडणारा तो भाग शोधणे हे खरे काम आहे, आणि गिअरची, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या या साखळीची, रचना मनात स्पष्ट असेल तर प्रत्येक बाजूच्या चार मापांवरून तो बहुतेक वेळा ओळखता येतो.

पुढचे विवेचन बाहेरच्या बाजूस दोन सिलिंडर, वॉलशार्ट व्हॉल्व्ह गिअर आणि आतल्या कडेने वाफ घेणारे पिस्टन व्हॉल्व्ह असलेले इंजिन समोर ठेवून केले आहे, कारण वाफेच्या युगाच्या उत्तरार्धातील बहुसंख्य इंजिने या प्रकारची आहेत. ईजीड वॉलशार्ट या बेल्जियन तंत्रज्ञाने हा गिअर १८४४ मध्ये पुढे आणला आणि जर्मनीत हॉयझिंगर यांनी १८४९ मध्ये स्वतंत्रपणे तशीच रचना केली. त्यामुळे जर्मन आराखड्यांवर हॉयझिंगर हे नाव दिसले तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही. गिअर तोच आहे आणि खालची तपासणी त्यालाही जशीच्या तशी लागू पडते.

व्हॉल्व्हला हालचाल कोठून मिळते

या गिअरमध्ये व्हॉल्व्हच्या दांड्याला दोन ठिकाणांहून हालचाल मिळते आणि त्या दोन्ही हालचाली कॉम्बिनेशन लिव्हरवर एकत्र येतात. पहिली हालचाल क्रॉसहेडकडून (पिस्टनच्या दांड्याच्या टोकावरचा, त्याच्याबरोबर सरकणारा ठोकळा), म्हणजे प्रत्यक्षात पिस्टनकडून येते. क्रॉसहेडला जोडलेली आखूड युनियन लिंक लिव्हरचे खालचे टोक पुढे-मागे ओढते. दुसरी हालचाल रिटर्न क्रँककडून येते. मुख्य क्रँकपिनच्या बाहेरच्या टोकावर बसवलेला हा छोटा क्रँक एक्सेंट्रिक रॉडमार्फत एक्सपान्शन लिंकला तिच्या मधल्या टेकूवर झुलवतो. लिंकच्या वक्र खाचेत डाय ब्लॉक असतो आणि त्याला जोडलेला रेडियस रॉड लिव्हरच्या वरच्या टोकाला हलवतो. चालक रिव्हर्सर फिरवतो तेव्हा डाय ब्लॉक खाचेत वर-खाली सरकतो. तो टेकूच्या एका बाजूला असेल तर इंजिन पुढे जाते, दुसऱ्या बाजूला असेल तर मागे, आणि टेकूपासून जितका दूर तितकी व्हॉल्व्हची चाल मोठी.

या दोन हालचालींची कामे वेगवेगळी आहेत आणि हा फरक नीट ध्यानात घेतला नाही तर पुढची तपासणी अंधारात चालते. व्हॉल्व्ह बरोबर मध्यावर असताना त्याची कड वाफेच्या तोंडावर जितकी पुढे आलेली असते, तिला लॅप म्हणतात. पिस्टन टोकाला पोचलेला असताना, म्हणजे क्रँक मृतबिंदूवर असताना, ते तोंड जितके उघडलेले असते ते लीड. मृतबिंदूवर व्हॉल्व्ह मध्यापासून लॅप आणि लीड यांच्या बेरजेइतका सरकलेला असावा लागतो आणि हे सरकवण्याचे काम एकटा क्रॉसहेड करतो. समजा पिस्टनची पूर्ण चाल ६६० मिलिमीटर, लॅप ३८ आणि लीड ६ मिलिमीटर आहे. क्रॉसहेड मध्यापासून ३३० मिलिमीटर गेल्यावर व्हॉल्व्ह ४४ मिलिमीटर सरकला पाहिजे, म्हणून लिव्हरचे प्रमाण २ : १५ हवे, वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत ९०० मिलिमीटर अंतर असेल तर वरच्या पिनपासून व्हॉल्व्हच्या पिनपर्यंत १२० मिलिमीटर. आतून वाफ घेणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये रेडियस रॉडची पिन सर्वांत वर असते आणि व्हॉल्व्हचा दांडा तिच्या खाली. बाहेरून वाफ घेणाऱ्या सपाट व्हॉल्व्हमध्ये हा क्रम उलटा असतो. गणित मात्र दोन्हींत रेडियस रॉडच्या पिनपासूनच मोजायचे.

रिटर्न क्रँक मुख्य क्रँकशी जवळपास काटकोनात असतो, त्यामुळे मृतबिंदूवर लिंक बरोबर मधल्या स्थितीत येते. लिंकच्या खाचेचा वक्र रेडियस रॉडच्या लांबीइतक्या त्रिज्येचा असल्याने त्या क्षणी डाय ब्लॉक वरून खाली नेला तरी व्हॉल्व्ह हलत नाही. वॉलशार्ट गिअरमध्ये कोणत्याही कट-ऑफला (पिस्टनच्या चालीत वाफ आत घेणे जेथे बंद होते ती जागा) लीड तेच राहते ते याच कारणाने. स्टीफन्सन गिअरमध्ये तसे होत नाही. तेथे सरळ दांड्यांच्या मांडणीत कट-ऑफ कमी करत गेले की लीड वाढत जाते. म्हणून स्टीफन्सन गिअरवर हात बसलेल्या माणसाने तीच अपेक्षा इथे ठेवू नये.

ठोका काय सांगतो

दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात आणि ते उजवे-डावे असे आळीपाळीने येतात. एका बाजूचा व्हॉल्व्ह लांबीच्या दिशेने सरकला असेल तर त्या बाजूचे एक टोक जास्त वाफ घेते व दुसरे कमी, आणि चारांपैकी एक ठोका जड, त्यानंतर एक सोडून पुढचा ठोका हलका असे ऐकू येते. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकाच दिशेने सरकले असतील तर दोन जड, दोन हलके असा क्रम मिळतो. एका बाजूचा रिटर्न क्रँक फिरला असेल तर त्या बाजूचे दोन्ही ठोके लवकर किंवा उशिरा पडतात आणि ठोक्यांमधली अंतरे लांब-आखूड, लांब-आखूड होतात. हीच लय मागे जाताना उलटी होत असेल तर रिटर्न क्रँकवरचा संशय बळावतो.

रिव्हर्सर कोठे असताना ठोका बिघडतो, हेही पाहावे. लिंकमधून आलेली चूक डाय ब्लॉक टेकूपासून जितका दूर तितकी मोठी असते. रिव्हर्सर मध्याकडे आणत गेले की ती कमी होत शून्याकडे जाते. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या लांबीतली चूक मात्र प्रत्येक कट-ऑफला तितकीच राहते, आणि कट-ऑफ लहान असताना तोंड लीडपेक्षा फारसे जास्त उघडतच नसल्याने तेव्हाच ती सर्वांत ठळकपणे ऐकू येते. चढावर पूर्ण गिअरमध्ये (रिव्हर्सर टोकापर्यंत नेलेला असताना) लंगडणारे आणि सपाटीवर सुधारणारे इंजिन, आणि चढावर बरे पण सपाटीवर लंगडणारे इंजिन, यांची दुखणी वेगळी आहेत. तरीही केवळ कानावर विसंबून पाना हातात घेऊ नये. कानाने संशय घ्यावा आणि मापाने खात्री करावी.

मापे घेण्याची पद्धत

इंजिन सपाट रुळावर, बॉयलरमध्ये नेहमीइतके पाणी आणि सर्व स्प्रिंगांवर नेहमीचा भार अशा स्थितीत असावे. पिस्टन व्हॉल्व्हची तोंडे बाहेरून दिसत नाहीत, म्हणून व्हॉल्व्ह चेस्टचे (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या पेटीचे) पुढचे झाकण काढून व्हॉल्व्हची कड तोंडाच्या कडेशी बरोबर जुळते ती स्थिती दोन्ही टोकांसाठी शोधावी आणि चेस्टवरच्या एका पक्क्या बिंदूपासून ठरावीक लांबीच्या ट्रॅमलने (दोन टोकदार पाय असलेल्या मापाच्या दांडीने) व्हॉल्व्हच्या दांड्यावर त्या दोन स्थितींची बारीक चिन्हे ओढावीत. या दोन चिन्हांमधले अंतर लॅपच्या दुप्पट आले पाहिजे. वरच्या उदाहरणात ७६ मिलिमीटर. ते ७६ पेक्षा कमी भरले तर रिंगांच्या किंवा तोंडांच्या कडा झिजल्या आहेत, आणि ही गोष्ट पुढचे काहीही करण्याआधी कळलेली बरी. एकदा ही चिन्हे पक्की झाली की झाकण बंद करूनही व्हॉल्व्हची जागा कधीही वाचता येते.

यानंतर मृतबिंदू शोधायचे. येथे घाई सर्वांत महाग पडते, कारण मृतबिंदूजवळ क्रॉसहेड जवळजवळ थांबलेला असतो आणि चाक बरेच फिरले तरी तो हललेला दिसत नाही. म्हणून मृतबिंदूच्या थोडे आधी चाक थांबवून क्रॉसहेडची जागा स्लाइडबारवर (क्रॉसहेड ज्यावरून सरकतो त्या पट्टीवर) रेघेने नोंदवावी आणि त्याच क्षणी फ्रेमवरच्या पक्क्या बिंदूपासून ट्रॅमलने चाकाच्या कडेवर खूण करावी. मग चाक मृतबिंदूपलीकडे न्यावे आणि क्रॉसहेड परत त्याच रेघेवर आला की चाकावर दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्य ट्रॅमलच्या टोकाखाली आला की क्रँक खऱ्या मृतबिंदूवर असतो. मात्र यात एक बारकावा आहे. पहिल्या खुणेच्या वेळी कनेक्टिंग रॉड क्रॉसहेडला ढकलत असतो, तर दुसऱ्या वेळी तो त्याला ओढत असतो. त्यामुळे पिनांमधला सगळा प्ले (सैलपणा) उलट बाजूला गेलेला असतो आणि मध्य चुकतो. दुसऱ्या वेळी चाक रेघेच्या थोडे पुढे जाऊ द्यावे आणि मग उलटे फिरवून क्रॉसहेड रेघेवर आणावा, म्हणजे तो पुन्हा ढकलला जाऊनच तेथे येतो आणि दोन्ही खुणांना प्ले एकाच बाजूला राहतो. उजव्या-डाव्या बाजूंचे चारही मृतबिंदू असेच शोधावेत.

प्रत्येक मृतबिंदूवर रिव्हर्सर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन लीड वाचावे. दोन बाजू, दोन टोके, दोन दिशा अशी एकूण आठ मापे मिळतात. काहीही सैल करण्याआधी ती तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. मागच्या वेळी काम संपल्यावर घेतलेली आठ मापे वहीत असतील तर निम्मे निदान तेथेच झाले. वारंवार बिघडणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत बहुधा याच नोंदींचा अभाव असतो: काय दुरुस्त केले ते लिहिलेले असते, पण दुरुस्तीपूर्वी माप काय होते ते लिहिलेले नसते.

चार आकड्यांतून चार दोष

एका बाजूची चार मापे घेऊ. आराखड्यातले लीड ६ मिलिमीटर आहे असे धरू.

पुढच्या गिअरमध्ये (रिव्हर्सर पूर्ण पुढे असताना) पुढच्या टोकाला ७.५ आणि मागच्या टोकाला ४.५ आले, आणि मागच्या गिअरमध्येही तसेच ७.५ आणि ४.५ आले, तर व्हॉल्व्ह त्याच्या दांड्यावर किंवा दांड्यासह दीड मिलिमीटर पुढे सरकला आहे. गिअर कोणताही असो, चूक तीच, म्हणून लिंकचा यात हात नाही.

पुढच्या गिअरमध्ये ७.५ आणि ४.५, पण मागच्या गिअरमध्ये ४.५ आणि ७.५ असे उलटे आले, तर लिंक दोन्ही मृतबिंदूंवर एकाच बाजूला कललेली आहे. ही एक्सेंट्रिक रॉडच्या लांबीतली चूक समजली जाते.

पुढच्या गिअरमध्ये दोन्ही टोकांना ७.५ आणि मागच्या गिअरमध्ये दोन्ही टोकांना ४.५ आले, तर लिंक एका मृतबिंदूवर एका बाजूला आणि दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूला कलते आहे, म्हणजे रिटर्न क्रँकचा कोन बदलला आहे. एका अंशाचा फरकही लहान नसतो. रिटर्न क्रँकच्या पिनचे वर्तुळ २०० मिलिमीटर त्रिज्येचे असेल तर एका अंशाने एक्सेंट्रिक रॉड साडेतीन मिलिमीटर सरकतो, आणि लिंक व लिव्हर यांतून कमी होऊनही त्यातले दीडएक मिलिमीटर व्हॉल्व्हपर्यंत पोचू शकते.

चारही मापे सारखी पण ६ पेक्षा कमी आली तर लॅप आणि लीडची हालचालच अपुरी पडते आहे, आणि त्याचे कारण युनियन लिंक व कॉम्बिनेशन लिव्हर यांच्या पिनांत शोधावे. सारखी पण जास्त आली तर कडा झिजून लॅप कमी झाला आहे का, ते वरच्या ७६ मिलिमीटरच्या मापाशी ताडून पाहावे.

प्रत्यक्षात दोष क्वचितच एकटा येतो, पण चार दोष आणि चार आकडे असल्याने त्यांची फोड करता येते. समजा पुढच्या गिअरमध्ये ८ आणि ५, आणि मागच्या गिअरमध्ये ६ आणि ५ अशी मापे आली. चारांची सरासरी ६, म्हणजे लॅप आणि लीडची हालचाल बरोबर आहे. पुढच्या गिअरमधल्या दोन टोकांच्या फरकाचा निम्मा भाग दीड आणि मागच्या गिअरमधला अर्धा. या दोहोंची सरासरी एक मिलिमीटर ही व्हॉल्व्हच्या दांड्याची चूक, आणि त्यांच्या फरकाचा निम्मा, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही एक्सेंट्रिक रॉडची चूक. पुढच्या गिअरची सरासरी साडेसहा आणि मागच्याची साडेपाच, म्हणून रिटर्न क्रँककडूनही अर्धा मिलिमीटर येतो आहे. नुसत्या नजरेने ही मापे विस्कळीत दिसतात आणि सवयीने सर्व चूक दांड्यावर भरून काढली जाते. तसे केल्यावर पुढच्या गिअरचे ठोके सुधारतात, मागच्या गिअरचे बिघडतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

दांडा आपोआप लांब होत नाही

दोष परत येण्याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते. मापे सांगतात की एक्सेंट्रिक रॉडची लांबी चुकली आहे. पण मागच्या खेपेस ती बरोबर होती आणि पोलादी दांडा काही महिन्यांत दीड मिलिमीटरने लांब किंवा आखूड होत नाही. बदलले आहे ते त्याच्या दोन टोकांच्या आधारांमधले अंतर. एक टोक आसाबरोबर फिरणाऱ्या रिटर्न क्रँकवर आहे आणि दुसरे फ्रेमला बसवलेल्या लिंकवर, म्हणून फ्रेमच्या तुलनेत आस जिथे जिथे सरकू शकतो तिथे तिथे पाहावे. अॅक्सलबॉक्सच्या (आसाचे टोक ज्यात फिरते त्या पेटीच्या) पाचरी सैल झाल्या असतील, हॉर्नचे (ती पेटी फ्रेममध्ये धरणाऱ्या मार्गांचे) पृष्ठभाग झिजले असतील किंवा अॅक्सलबॉक्सचे ब्रास (आतले बेअरिंग) झिजले असेल, तर आस एक मिलिमीटर पुढे सरकतो आणि मापात तो हुबेहूब रॉडच्या लांबीतल्या चुकीसारखा दिसतो. प्रत्येक मृतबिंदूवर ठक् असा आवाज येत असेल तर ही शक्यता आणखी वाढते. अशा वेळी रॉडची लांबी बदलणे म्हणजे झिजेला कायमची जागा करून देणे होय. पाचर पुढे कधीतरी घट्ट झाली की तीच दुरुस्ती उलटा दोष होऊन बसते. दुरुस्ती पाचर किंवा ब्रासची करावी, आणि रॉडला हात लावू नये.

स्प्रिंगांचाही यात वाटा असतो. एक्सेंट्रिक रॉड पूर्ण आडवा असेल तर आस थोडा वर-खाली झाल्याने फारसे बिघडत नाही. पण दहास एक या प्रमाणात तो तिरपा असेल आणि चालक चाकांच्या स्प्रिंगा बसून फ्रेम आसाच्या तुलनेत दहा मिलिमीटर खाली आली असेल, तर लिंकच्या पायाशी सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून चाकांवरच्या फ्रेमच्या उंचीचे मापही आठ मापांशेजारीच लिहावे. लिंकचा टेकू धरणारा ब्रॅकेट फ्रेमला जेथे बोल्टने जोडलेला असतो, तेथे गंजाची तांबूस रेघ दिसली तर तो ब्रॅकेट हलतो आहे असे समजावे.

मापे रिटर्न क्रँककडे बोट दाखवत असतील तर त्याचा पकडबोल्ट आणि चावी (त्याला पिनवर फिरू न देणारी खीळ) आधी पाहावी. तेथे सर्व ठीक असेल तर क्रँकपिनच चाकात फिरली आहे का, हे तपासल्याशिवाय इंजिन बाहेर काढू नये. पिनच्या टोकावर आणि चाकाच्या बॉसवर एकाच सरळ रेषेत कोरलेली खूण असेल तर ती पाहताक्षणी उत्तर देते. अशी खूण नसेल तर दुरुस्तीच्या वेळी करून ठेवावी. सैल क्रँकपिन हा गिअरचा दोष नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या चुकीच्या बाबतीतही तेच: व्हॉल्व्हचे हेड धरणारे नट, त्यांचे लॉक आणि दांड्याच्या क्रॉसहेडमधली कॉटर (पाचरीसारखी खीळ) तपासावी, कारण आज दीड मिलिमीटर सरकलेले नट पुढे पूर्ण सुटू शकते.

पिनांचा प्ले आणि उष्णता

रिटर्न क्रँकची पिन, लिंकच्या पायाची पिन, लिंकचा टेकू, खाचेतला डाय ब्लॉक, रेडियस रॉडची पिन, व्हॉल्व्हच्या दांड्याची पिन आणि युनियन लिंकच्या दोन पिना, अशा आठ जागी थोडा थोडा प्ले असतो. यांतल्या प्रत्येक जागी ०.२ मिलिमीटर धरला तरी एकत्रितपणे तो ठोका बिघडवायला पुरेसा होतो. त्याची आणखी एक अडचण म्हणजे तो एका जागी राहत नाही. हळू चालताना व्हॉल्व्हचे घर्षण तो एका बाजूला ओढते आणि वेग वाढला की व्हॉल्व्हचे वजन त्याला दुसऱ्या बाजूला फेकते. म्हणून शेडमध्ये बरोबर मोजलेले आणि मार्गावर वेगात लंगडणारे इंजिन दिसले की मापांवर शंका घेण्याआधी बुश (पिनांभोवतीची अस्तरे) पाहावेत. डायल गेज व्हॉल्व्हच्या दांड्याला लावून, लिंक अडवून धरून, दांडा हाताने पुढे-मागे दाबला तर लिंकपासून पुढचा सर्व प्ले एकत्र वाचता येतो.

थंड स्थितीत घेतलेली मापे गरम इंजिनाला जशीच्या तशी लागू होत नाहीत. पोलाद दर मीटरमागे दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. व्हॉल्व्ह आणि त्याचा दांडा वाफेने तापतात पण फ्रेम त्या मानाने थंड राहते. एक मीटर लांबीत दीडशे अंशांचा फरक धरला तर वाढ १.८ मिलिमीटर होते. सिलिंडरचे ओतीवही तापत असल्याने हा सगळा आकडा मापात दिसत नाही, परंतु दांडा मागून धरलेला असल्याने तापल्यावर व्हॉल्व्ह पुढे सरकतो एवढे नक्की. म्हणूनच थंड स्थितीत व्हॉल्व्ह किंचित मागे ठेवण्याची रीत आहे, आणि किती मागे ते त्या इंजिनाच्या आराखड्यातील सूचनेप्रमाणे ठेवावे. थंड असताना अगदी समसमान लावलेले इंजिन गरम होताच बिघडते आणि ते 'पुन्हा बिघडले' असे नोंदवले जाते. वास्तविक ते थंड स्थितीसाठीच लावलेले असते.

दोन्ही टोकांचा कट-ऑफ तंतोतंत सारखा असावा असाही आग्रह धरू नये. कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्याने क्रँक पाव फेरा झाला तेव्हा पिस्टन मध्याच्या मागे, म्हणजे क्रँककडे, गेलेला असतो. ३३० मिलिमीटरचा क्रँक आणि त्याच्या आठपट लांबीचा रॉड असेल तर सुमारे २१ मिलिमीटर मागे. लिंकच्या पायाची पिन मागे सरकवून आराखडाकार हा फरक बराच भरून काढतो, पण पूर्णपणे नाही. लीड सारखे ठेवून कट-ऑफमधला थोडा फरक सोसणे हेच योग्य. उलट केल्यास मृतबिंदूवर धक्के बसतात.

आठही मापे बरोबर, तरीही ठोका बिघडलेला

अशा वेळी व्हॉल्व्ह गिअरला अजिबात हात लावू नये. पहिली शक्यता वाफेच्या गळतीची आहे. चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावून, ब्रेक बांधून आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून एका बाजूचा क्रँक सरळ वर किंवा खाली आणावा, रिव्हर्सर मध्यावर ठेवावा, सिलिंडरचे कॉक (साचलेले पाणी काढण्याच्या तोट्या) उघडावेत आणि रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) अगदी थोडा उघडावा. त्या बाजूच्या व्हॉल्व्हने दोन्ही तोंडे झाकलेली असतात, म्हणून त्या बाजूच्या कॉकमधून वाफ आली तर व्हॉल्व्हच्या रिंगा गळत आहेत. मग रिव्हर्सर पूर्ण पुढे न्यावा. आता एकाच टोकाला वाफ जाते, आणि दुसऱ्या टोकाच्या कॉकमधूनही ती आली तर पिस्टनच्या रिंगा गळत आहेत. या चाचणीच्या वेळी दुसऱ्या बाजूचा क्रँक मृतबिंदूवर असतो आणि तिचा व्हॉल्व्ह लीडइतका उघडा असतो, म्हणून धुराड्यातून येणाऱ्या वाफेवरून निष्कर्ष काढू नये, कॉककडेच पाहावे.

गळती नसेल तर ब्लास्ट पाइपचे (वापरलेली वाफ धुराड्यात सोडणाऱ्या नळीचे) तोंड धुराड्याच्या मध्याशी जुळते का आणि एका सिलिंडरकडून येणाऱ्या निकासनळीत कार्बन साचला आहे का, ते पाहावे. शेवटची शक्यता दुर्मीळ पण गंभीर आहे. एखादे चाक आसावर किंचित फिरले असेल तर दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन बदलतो आणि ठोक्यांची अंतरे असमान होतात. बाहेरचा वॉलशार्ट गिअर आपापल्या क्रँकलाच जोडलेला असल्याने त्याची आठही मापे मात्र निर्दोष येतात. कपलिंग रॉडच्या (चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशांची असाधारण झीज हे याचे सोबतचे लक्षण असते. उजव्या बाजूचा मृतबिंदू साधल्यावर डाव्या बाजूचा क्रँक बरोबर काटकोनात आहे का, हे दोन्ही टोकांच्या मृतबिंदूंवर मोजून पाहावे, आणि फरक आढळल्यास चाकांचा संच खाली उतरवून तपासणीला पाठवावा.

दुरुस्तीनंतर आठही मापे थंड स्थितीत पुन्हा घ्यावीत, आणि इंजिन काही काळ भाराखाली चालवून व्हॉल्व्ह चेस्ट पूर्ण तापलेला असताना किमान पुढच्या गिअरची चार मापे ट्रॅमलने परत वाचावीत. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची चिन्हे त्यासाठीच केलेली असतात. ही दोन्ही टिपणे, फ्रेमची उंची, पाचरींची स्थिती आणि त्या खेपेस नेमके काय बदलले याची नोंद एकाच पानावर असावी, म्हणजे पुढच्या वेळी ठोका लंगडला तर तपासणी त्या पानापासून सुरू करता येते.